बगळ्यामागचा माणूस

बगळ्याच्या मागे माणूस आला होता, म्हणून मी त्याला ब्लेडने खरवडून काढला.

माणूस निगेटिव्हवरचा. एवढं वाचून कुणी पोलीसचौकीकडे निघालं असेल तर परत या. पण खरवडला हे खरं, आणि एकदाच नव्हे. जेव्हा जेव्हा तो फोटोत आला तेव्हा तेव्हा. ब्लेड दाढीचंच, कोरं, मधोमध मोडून घेतलेलं. कर्जतच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत असे, त्यामुळे हात पक्का होता. हात पक्का असला की गाढवपणासुद्धा सुबक होतो.

पक्ष्यांचे फोटो काढायचे तर शहाणी माणसं समुद्राकडे जातात. हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर पाखरांचे थवे उतरतात, डोळे मिटून बटण दाबलं तरी चार-दोन सापडतात म्हणे. आमच्या जिल्ह्याला एवढा लांबलचक किनारा, पण आमचा तालुका डोंगराला पाठ लावून बसलेला. माझ्या वाट्याला किनारा आला तो नदीचा. दहिवलीहून रविवारी सकाळी सायकल काढायची, नेरळ ओलांडून पोशीर गाठायचं आणि नदीच्या काठाकाठाने पोटावर सरपटायचं. एकोणीसशे साठचं दशक तेव्हा सरत आलं होतं. माझं पोट अजून सरपटण्याजोगं होतं.

कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, कमरेशी धरून वरून मान खाली घालून बघायचा. त्याच्या काचेत उजवीकडचं डावीकडे दिसे. बगळा उजवीकडे उडाला की मी कॅमेरा घेऊन डावीकडे वळायचो. त्यामुळे रिकाम्या आभाळाचे माझ्याकडे जेवढे फोटो आहेत तेवढे वेधशाळेकडेही नसतील. जे पक्षी चुकून चौकटीत राहिले ते शेंगदाण्याएवढे. बायको प्रत्येक फोटो हातात घेऊन म्हणायची, "यातला पक्षी कुठला आणि डाग कुठला, तेवढं मागे लिहून ठेवा. मुलं विचारतात."

प्रत्येक ऋतूत फजिती वेगळी. उन्हाळा संपता संपता काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो काढला, तो धुतल्यावर कोळशाच्या गोणीचा निघाला. पावसात ओढ्याच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करतो. चिमणीएवढा पक्षी, पण रंगपेटीत उरलेले सगळे रंग कुणीतरी त्याच्या अंगावर पुसल्यासारखा. गुडघाभर पाण्यात उभा राहून, झाडाला छत्री बांधून मी त्याला टिपला. फिल्म काळी-पांढरी. फोटोत चिखलाच्या बिळातून चिखलाचा गोळा बाहेर डोकावत होता.

हिवाळा त्यातल्या त्यात बरा. नदी निवळायची, काठाला धोबी पक्षी शेपट्या आपटत हिंडायचे, आणि कुठून तरी एक राखी बगळा येऊन डोहाच्या तोंडाशी उभा राहायचा. उंच, करडा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. त्या बगळ्यापायी पुढचं सगळं झालं.

पहिल्या हिवाळ्यात लपण म्हणून मी भाताचा पेंढा अंगावर ओढून काठावर पडलो होतो, तेव्हा एक म्हैस मला खायला लागली. तिला हुसकायला जो धावत आला तो हा माणूस. पेंढ्यातून आधी टोपी निघाली, मग कॅमेरा, मग मास्तर. तो घाबरला नाही की हसला नाही. पेंढ्याकडे बघून म्हणाला, "आत आजून कोन हाय का?"

त्याचं शेत तिथेच काठावर होतं, घोंगडी अंथरावी एवढं. घर बौद्धवाडीत. त्याला मिसरूड फुटत होतं त्या सुमाराला वाडीने दीक्षा घेतलेली. घरात म्हातारी आई आणि बायको. भात कापून झालं की तो पाग घेऊन पाण्यात उतरायचा. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते तो असं फेकायचा की हवेत क्षणभर छत्री उघडल्यासारखी वाटे. मोठे मासे टोपलीत जात, बोटाएवढे तो मागे भिरकावून देई, आणि बगळा पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा थोड्या अंतरावर उभा. मी दिसलो की बगळा उडायचा. याच्या बोलण्याने, खोकण्याने, गाण्यानेही उडायचा नाही. तो नसला की बगळाही नसायचा. हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यातलं सोयीचं तेवढं मी घेतलं: बगळा हवा तर हा काठावर हवा. फोटोत मात्र नको.

त्याला मात्र फोटोच हवा होता.

"मास्तर, माजा येक काडा की."

"पुढच्या रविवारी. फिल्म संपत आलीय."

"बगल्याला बरा पुडचा रविवार नाय लागत."

"बगळ्याची गोष्ट वेगळी."

"व्हय. त्याला सदरा धुवून यावा लागत नाय."

पुढचा रविवार यायचा आणि फिल्म पुन्हा संपत आलेली असायची. खरं तर ती संपत आलेली नसे. पण एकेक फोटो म्हणजे माझ्या जिवावर यायचा, आणि माणसांचे फोटो काढायला नेरळच्या स्टेशनाबाहेर दुकान होतं, असं माझं म्हणणं. तिथे जायचं म्हणजे आपण होऊन जायचं, खुर्चीत बसायचं, मागे पडदा. तो म्हणायचा, "थितं जाऊन काय करू? थितं मला वळखतंय कोन?"

मग त्याने आपली वाट काढली. एका रविवारी बगळा डोहात उभा, मी पेंढ्यात, आणि हा पलीकडच्या काठावर येऊन ताठ उभा राहिला. पांढरा सदरा, एक हात कमरेवर, केस पाण्याने चापून बसवलेले.

"अरे, बाजूला हो!"

"तुमी बगल्याचा काडा मास्तर. मी नुसता हुबा हाय."

त्यानंतर दर रविवारी तो नुसता उभा असे. मासे धरायला कुणी धुतलेला सदरा घालत नाही, हे मला खटकायला हवं होतं. मला खटकलं ते एवढंच की पांढऱ्या सदऱ्यामुळे चौकट बिघडते.

त्याच सुमाराला मुंबईत पक्षी-प्राण्यांच्या फोटोंचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्याचा नियम असा की फोटोत माणूस, माणसाची वस्तू, माणसाची खूण दिसता कामा नये. रान कसं निव्वळ रान पाहिजे. मी निगेटिव्ह उन्हाला धरून बघितल्या. बगळा सगळ्यांत सुरेख आलेला, आणि सगळ्यांत मागे तो.

त्याचं काय असतं, निगेटिव्हवर पांढरा सदरा काळा दिसतो. तो काळेपणा ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडला की छापताना त्या जागी अंधार येतो. त्याच्या मागे करंजाची दाट झुडपं होती, त्यामुळे अंधारात अंधार मिसळून गेला. आधी सदरा गेला, मग कमरेवरचा हात, शेवटी डोकं. एकेका निगेटिव्हला एकेक दुपार लागली. खिडकीशी बसून, श्वास रोखून. मला वाटतं, आयुष्यात कुठलंही काम मी इतक्या मन लावून केलेलं नाही.

तो विचारायचा, "मास्तर, आलोय का मी?"

मी म्हणायचो, "आलायस ना. झकास आलायस."

"कवा तरी दावा."

"दाखवतो रे."

यावर त्याचा पूर्ण विश्वास. लगेच घरी घेऊन जायचा आणि बायकोला ओरडून सांगायचा, "मास्तरांस्नी च्या ठेव गं!" मी त्यांच्या ओटीवर बसून चहा प्यायचो. आणि त्यांच्याकडे मी चहा पितो, हे दहिवलीत चार जणांत आपण होऊन सांगायचो. म्हणजे बघा.

प्रदर्शनातून फोटो परत आला. बक्षीस नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. मागे कुणा परीक्षकाने पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: पार्श्वभूमी निर्जीव. बायको वाचून म्हणाली, "तिथला एक जीव ठेवला असता तर बरं झालं असतं."

पावसाळ्यात मी पोशीरला फारसा जात नसे. रस्ता चिखलाचा, सायकल आणि मी दोघेही गंजायचो. त्या पावसात तर एकदाही गेलो नाही. भाद्रपदात एका संध्याकाळी दारात दोन बायका उभ्या दिसल्या. एक तरणी, एक म्हातारी, दोघी निथळत. ओळखायला मला वेळ लागला, कारण त्यांना मी त्यांच्या ओटीवर पाहिलेलं, माझ्या ओटीसमोर कधी नाही.

"वर या," मी आणि बायको दोघंही म्हणालो. पण सरकून जागा कुणी केली नाही. त्या खालच्या पायरीवर बसल्या.

तरणीनेच सांगितलं. कावीळ झाली. आधी गावातलं औषध केलं, मग कर्जतच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. त्याला जाऊन आठवडा होत आलेला. मी "अरे, अरे" असं काहीतरी म्हटलं. अशा वेळी माझ्या तोंडून एवढंच निघतं.

"येत्या रईवारी पुन्यानुमोदन हाय," ती म्हणाली. "भंते येनार. बुद्धाच्या फोटूसंगं ह्यांचा फोटू ठेवायचा. म्हून आलो. द्या येक."

"फोटो?" मी म्हणालो.

तिला वाटलं, मला कळलं नाही. समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आमच्यात आता पिंडबिंड नाय, मास्तर. कावल्याला बोलवत नाय. फुलं वाहायची ती फोटूला. दुसरा कंचाच फोटू नाय त्यांचा. नेरळला चला म्हनायची मी, तं म्हनायचे, कशाला? मास्तरांकडं माजे लय फोटू हायती. आख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय. लोक वाट बघतात."

 म्हातारी म्हणाली, "दर रईवारी सदरा मी धुवायची."

मी म्हणालो, "देतो. शोधावा लागेल. रविवारी घेऊनच येतो."

त्या गेल्या. बायको माझ्याकडे बघत होती. त्या खरवडलेल्या दुपारी खिडकीशी चहा तिनेच आणून दिला होता.  

पहिली अक्कल सुचली ती चित्रकाराची. फोटो नाही तर चित्र काढू. पेन्सिल घेऊन बसलो. केस आले, सदऱ्याची कॉलर आली. मग नाक. नाक आठवेना. बसकं होतं की सरळ? भुवया जुळलेल्या होत्या? हसला की गालाला खळी पडायची की नुसती सुरकुती? दोन हिवाळे हा माणूस माझ्यासमोर ताठ उभा राहिला होता. बगळ्याच्या मानेवरची काळी रेघ कुठे तुटते, डोळ्यामागची शेंडी किती लांब, हे मी डोळे मिटून काढलं असतं. याचा चेहरा निघेना. मी कागद फाडले. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना "आवडता पक्षी" काढायला सांगितला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

मग पुन्हा निगेटिव्ह. एकेक उन्हाला धरली. काम इतकं चोख होतं की माझं मलाच कौतुक वाटावं. काही ठिकाणी कडेला होता तर मी कडच कात्रीने उडवलेली. कुठे एक बोटसुद्धा ठेवलेलं नाही.

शेवटच्या एकीत मात्र बगळ्याच्या चोचीपाशी पाण्यात एक डाग दिसला. आधी वाटलं, पाणी चमकलंय. भिंग लावलं. तो सदरा होता. उलटा. काठावरचा माणूस मी खरवडला होता आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब तसंच राहून गेलं होतं. चित्रकलेच्या मास्तराला प्रतिबिंब दिसलं नाही! पोरांना हीच चूक केल्याबद्दल मी ओरडायचो: झाड काढलंस, पाण्यातलं झाड कुठाय?

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून मी छापायला बसलो. निगेटिव्ह त्याचं डोकं वर येईल अशी फिरवून लावली, बगळ्याला जमेल तेवढं चौकटीबाहेर ढकललं, आणि रसायनाच्या थाळीत हळूहळू तो वर आला. कमरेवर हात. चापलेले केस. पाण्याच्या हलक्या लाटेने कपाळ जरा तुटलेलं, ओठ जरा लांबलेले, त्यामुळे हसल्यासारखा. नाक सरळ होतं. भुवया जुळलेल्या नव्हत्या. मी थाळीवर वाकून कितीतरी वेळ बघत होतो. बाहेरून बायकोने दार ठोठावलं तेव्हा म्हणालो, "थांब जरा, माणूस आहे आत." 

एकच अडचण उरली. बगळ्याची चोच. त्या माणसाच्या डोक्याचं प्रतिबिंब पाण्यात जिथे पडलं होतं, नेमकी तिथूनच ती चोच आडवी गेलेली. गालावरून थेट ओठाच्या कडेपर्यंत. उपाय माझ्या हातचा होता. ब्लेड घेतलं, निगेटिव्ह काचेवर ठेवली. ज्या बगळ्यासाठी सगळं केलं त्यालाच आता खरवडायचं. पण चोचीबरोबर गालही जाणार होता. त्याच्याजवळ तेवढा एकच गाल शिल्लक होता. ब्लेडचं टोक लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ब्लेड खिडकीतून बाहेर फेकून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते शोधत परसात फिरलो.

रविवारी फोटो चौकटीत घालून पोशीरला गेलो. पाऊस थांबलेला, पण सायकल पिशवीसकट दोनदा खांद्यावर घ्यावी लागली. वाडीत पांढरे कपडे घातलेली माणसं जमली होती. भंते यायचे होते. टेबलावर पांढरी चादर, बुद्धाचा फोटो, मेणबत्त्या, झेंडूची फुलं, आणि शेजारी एका फोटोएवढी जागा मोकळी. लोक मला वाट करून देत होते. कुणीतरी म्हणालं, "फोटूवालं मास्तर आलं." मला परत फिरावंसं वाटलं.

त्याच्या बायकोने चौकट दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ बघितली. मग बोट नेमकं कमरेवरच्या हातावर ठेवलं. "ह्येच," ती म्हणाली. "असंच हुबे राहायचे." आणि पदर तोंडाशी धरला.

म्हातारीने चौकट तिच्याकडून घेतली. डोळ्यांशी नेली, लांब धरली, उजेडाकडे वळवली.

"ह्यो हालतोय का रं असा?"

"पाण्यातला आहे, आजी."

"पान्यातला? मंग वरचा कुटं गेला?"

  खोटं बोलायला माझ्याकडे पुष्कळ वेळ होता, पण एकही धड सुचलं नाही.

"मी खोडला," मी म्हणालो. "फोटोत बगळा एकटा पाहिजे होता."

तिने मान हलवली, जणू भाताचा भाव कळला. मग बोट गालावर नेलं.

"आन ह्ये गालावर?"

"बगळ्याची चोच. ती काढायला गेलो असतो तर गालही गेला असता."

म्हातारीने पदराने काच पुसली. चोच पुसली जातेय का, तेही एकदा बघितलं. मग स्वतःच जाऊन फोटो त्या मोकळ्या जागेत ठेवला, तिरका वाटला तो सरळ केला, मेणबत्ती लावली, आणि माझ्याकडे न वळताच म्हणाली, "कावला बरा व्हता रं, मास्तर. त्यो पिंड खायचा. तुज्या बगल्यानं माज्या पोराचं त्वांड खाल्लं."